पंधरा हजारांत मॉनिटर घ्यायचा आहे, पण कोणासाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या इंदिरानगरमधून एका भगिनीने लिहिलं आहे. वय ४७. बरीच वर्षं त्या घरूनच मराठी डीटीपी आणि मुद्रितशोधन करतात. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका, आणि आषाढ लागला की दिवाळी अंक. समोर साडेअठरा इंची जुना मॉनिटर आहे. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात, मान आखडते, आणि हल्ली ‘ध’च्या जागी ‘घ’ पडलेला नजरेतून सुटतो. मोठा मॉनिटर घेतला की हे थांबेल असं त्यांना वाटतं. हाताशी पंधरा हजार आहेत. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, २७ इंची कर्व्ह्ड, १६५ हर्ट्झवाला (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) घे, मलाही गेमला होईल. दुकानदारानेही तसाच, फुल एचडी, दाखवला. यजमान म्हणतात, ३२ इंची जुना टीव्ही पडून आहे, तोच जोड. “घरबसल्या करायच्या कामासाठी एवढा खर्च करावा का? करायचाच तर सगळ्यांना उपयोगी पडेल असा कोणत्या कंपनीचा घ्यावा? दसऱ्याला घ्यायचा विचार आहे.”

ताई,

आधी डोळ्यांचं बोलू. नवा मॉनिटर आणूनही चुरचुर थांबली नाही, तर पैसे गेल्याचं दुःख वेगळं आणि डोळ्यांचं वेगळं, असं व्हायला नको.

पत्रात चष्म्याचा उल्लेख नाही. पण सत्तेचाळिशीत जवळचा नंबर बहुतेक सगळ्यांनाच लागलेला असतो. वाचायचा चष्मा बनवताना पुस्तक हातात धरण्याचं अंतर गृहीत धरतात, म्हणजे साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर. मॉनिटर मात्र हातभर लांब, ५५ ते ७० सेंटिमीटरवर असतो. त्या अंतरावर वाचायच्या चष्म्यातून धूसर दिसू शकतं आणि बिनचष्म्यानेही, मग आपण नकळत पुढे वाकतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. त्यातून पडदा दिसावा म्हणून हनुवटी वर उचलावी लागते आणि दिवसभर मान तशीच राहते. तुमच्या मानेचं दुखणं इथूनही आलेलं असू शकतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी शिवणाची टेप घ्या, नेहमीसारख्या खुर्चीत बसा आणि डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर घरातल्या कोणाकडून मोजून घ्या. तो आकडा कागदावर लिहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा, मला या अंतरावर रोज अनेक तास बारीक अक्षर वाचायचं असतं. तेवढ्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून मिळतो. डोळे कोरडे पडलेत का, हेही त्यांना बघू द्या. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो, पडद्याकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं, आणि चुरचुर बहुतेक वेळा त्यातूनच होते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा, असं डॉक्टर सांगतात. समोरच्या इमारतीची गच्ची त्याला पुरेशी आहे. चष्म्याच्या दुकानात ‘ब्लू कट’ काचेचा आग्रह होईल. संगणकाच्या कामासाठी अशा चष्म्याची शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था करत नाही. ते पैसे वाचवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, “सगळ्यांना उपयोगी पडेल असा.” ही अट कोणी घातली, ताई? पत्रात तरी ती तुमचीच दिसते. या मॉनिटरवर तुम्ही रोज काम करणार, त्याच कामाचे पैसे घरात येणार, आणि तरी निवड करताना मुलाचे खेळ आणि यजमानांची काटकसर आधी मोजली जाते. मुलाचं किंवा यजमानांचं काही चुकतंय असं मला म्हणायचं नाही, दोघेही आपापल्या परीने मदतच करताहेत. पण यजमान कंपनीत ज्या मशीनवर काम करत असतील, ते घेताना घरी सगळ्यांना आवडेल का असं कोणी विचारलं नसेल. मॉनिटर हे तुमचं तसंच कामाचं साधन आहे. ते तुमच्या डोळ्यांना आणि तुमच्या कामाला जुळलं पाहिजे, दुसऱ्या कोणाची सोय झाली तर चांगलंच. पंधरा हजार पाच वर्षांवर वाटले तर महिन्याला अडीचशे रुपये पडतात. तुमच्या पानाचा दर तुम्हाला माहीत आहे, किती पानांत ते भरून निघतात ते तुम्हीच मांडून बघा. “घरबसल्या” हा शब्दही जरा बाजूला ठेवा. काम घरी होतं म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

मॉनिटर घेताना बहुतेकजण इंच बघतात. तुमच्यासाठी त्या इंचांत पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे ठिपके, किती बसवलेत, हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि आपली लिपी वाचणाऱ्यासाठी तर फारच. रोमन अक्षर थोड्या पिक्सेलांत निभावून जातं. देवनागरीत एकाच ओळीच्या उंचीत तीन मजले असतात: वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मधे अक्षर, त्यात जोडाक्षर आलं तर आणखी दाटी, खाली उकार आणि पाय मोडल्याची खूण. विंडोजच्या नेहमीच्या मापाने १० पॉइंटच्या अक्षराला साधारण १३ पिक्सेल उंची मिळते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका छोट्या फटीचा, म्हणजे एखाद-दुसऱ्या पिक्सेलचा. ‘ष’ आणि ‘प’ यांच्यातला फरक एका तिरक्या रेघेचा. पिक्सेल जाड असले की ती फट भरून येते आणि अनुस्वार रफाराला चिकटतो. चूक नजरेतून सुटते म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय, पण ती चूक तुमच्या पडद्यावर नीट उमटतच नसेल.

तुमचा साडेअठरा इंची मॉनिटर बहुधा १३६६ × ७६८ पिक्सेलांचा असणार. म्हणजे इंचाला साधारण ८५ पिक्सेल. दुकानदाराने दाखवलेला २७ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८०, इंचाला ८२ पिक्सेल देतो. पडदा दीडपट रुंद होईल, पण अक्षराची कड आहे त्याहून किंचित जाडच दिसेल. लांबून सिनेमा बघायला तो ठीक आहे. प्रूफ वाचायला नको, कितीही सूट असली तरी नको.

टीव्हीचंही तेच, त्याहून वाईट. ३२ इंची जुने टीव्ही बरेचसे ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे तेच १३६६ × ७६८ पिक्सेल पण बत्तीस इंचांवर पसरलेले. इंचाला पन्नासही भरत नाहीत. शिवाय टीव्ही चित्र उठावदार करायला कडा मुद्दाम ठळक करतो, चित्राच्या बाजू थोड्या कापतो, आणि अनेक टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवत असल्याने पांढऱ्यावरचं लाल-निळं अक्षर फुटकं दिसतं. सेटिंगमध्ये ‘पीसी मोड’ असला तर यातलं थोडं सुधारतं. यजमानांना नुसतं नाही म्हणण्यापेक्षा एका रविवारी टीव्ही जोडा, दिवाळी अंकाचं एक पान उघडा आणि त्यांनाच हातभर अंतरावर बसून अर्धा तास वाचायला सांगा. मग वादाचं कारण उरणार नाही.

मग घ्यायचा कोणता? माझ्या मते तुमच्यापुढे दोनच रस्ते आहेत.

पहिला, २७ इंची पण क्यूएचडी, म्हणजे २५६० × १४४० पिक्सेलांचा. इंचाला १०९ पिक्सेल. पडद्याची उंची ३३ सेंटिमीटरच्या वर असते, त्यामुळे ए-फोरचं २९.७ सेंटिमीटर उंचीचं पान खऱ्या मापात अख्खं दिसतं आणि वर मेनू, खाली पट्टी यांनाही जागा उरते. सुरुवातीला सगळं बारीक वाटेल. तेव्हा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा, अक्षर पूर्वीएवढंच मोठं पण जास्त रेखीव दिसेल. पेजमेकरसारखी जुनी सॉफ्टवेअरं हे स्केल नीट पाळत नाहीत, त्यांचे मेनू बारीक राहतात किंवा धूसर होतात. पान मात्र झूम करून हवं तेवढं मोठं करता येतं. जुनी सॉफ्टवेअरं वापरत असाल तर फोर-केच्या, म्हणजे याहूनही दाट पिक्सेलांच्या पडद्याच्या, मागे लागू नका, तिथे हा त्रास फार वाढतो.

दुसरा रस्ता, २४ इंची फुल एचडी. इंचाला ९२ पिक्सेल, आताच्यापेक्षा बरे. त्याची उंची साधारण ए-फोरच्या पानाएवढीच, म्हणजे टूलबार त्या पानाचा तुकडा खाईल. पण डेमी, म्हणजे ए-फोरच्या साधारण निम्म्या, आकाराच्या पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं खऱ्या मापात आरामात मावतात, आणि तुमचं बरंचसं काम त्याच आकाराचं असणार.

क्यूएचडी साधारण तुमच्या पंधरा हजारांच्या आसपास येतो, भाव दर महिन्याला हलतात. चांगला २४ इंची त्याच्या बराच खाली येतो. तुमच्या जागी मी आधी कॉम्प्युटर तपासला असता. मागे कोणतं पोर्ट, म्हणजे मॉनिटरची केबल लावायची खाच, आहे ते बघा. फक्त निळं व्हीजीए असेल तर क्यूएचडीचा विचार सोडा. काही जुन्या मदरबोर्डचं एचडीएमआय १९२० × १२०० च्या पुढे जात नाही, मॉडेलचा नंबर नेटवर टाकून मुलगा हे दोन मिनिटांत शोधून देईल. डिस्प्लेपोर्ट असेल तर प्रश्नच नाही. कॉम्प्युटरला झेपत असेल आणि हजार-दोन हजार वर घालता येत असतील तर क्यूएचडीच घ्या. नसेल तर २४ इंची घेऊन उरलेल्या पैशांत नवा चष्मा करा. त्यात काही कमी पडलं असं मानू नका, तुमच्या डोळ्यांना त्याचा फायदा कदाचित जास्तच होईल.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. पॅनेल, म्हणजे मॉनिटरचा प्रत्यक्ष पडदा, आयपीएस प्रकारचं असू द्या, बाजूने बघितलं तरी रंग फिके पडत नाहीत. व्हीए प्रकारात काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने बघताना रंग सरकतात. टीएन प्रकार नकोच. कर्व्ह्ड पडदा तुमच्या कामाला योग्य नाही. समासाची रेघ आणि चौकटीची कड सरळ आहे की नाही हे ज्याला दिवसभर बघायचंय, त्याच्यापुढे वाकडा पडदा का ठेवावा? पडदा किती रंग दाखवतो याचं माप खोक्यावर असतं, तिथे एसआरजीबी ९९ टक्के लिहिलेलं असलं की पुरे. ‘४५ टक्के एनटीएससी’ असेल तर ठेवून द्या, लग्नपत्रिकेचा कुंकवाचा लाल विटकरी दिसेल. छापून येणारा रंग मात्र कुठल्याच पडद्याशी हुबेहूब जुळत नाही. पडदा प्रकाशाचा आणि छपाई शाईची, हे गिऱ्हाइकालाही आधी सांगून ठेवा. ‘१ एमएस’, ‘एचडीआर’ हे शब्द खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतील, तुमच्या निवडीत त्यांना स्थान नाही.

दोन गोष्टींकडे मात्र बारकाईने बघा, कारण दुकानात त्यांचा उल्लेख कोणी करत नाही. एक म्हणजे स्टँड. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त मागेपुढे कलतो, वर-खाली होत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली. उंची बदलणारा स्टँड असेल तर उत्तम, त्यातले काही पडदा उभाही करू देतात आणि लांब मजकुराचं प्रूफ वाचताना ते फार सोयीचं जातं. तसा स्टँड परवडत नसेल तर मागे १०० × १०० मिलिमीटरची व्हेसाची, म्हणजे आर्म बसवायची ठरावीक मापाची, भोकं आहेत का ते बघा, पुढे टेबलाला आर्म लावता येईल.

दुसरी गोष्ट लुकलुक. काही मॉनिटर उजेड कमी करायला दिवे फार वेगाने चालू-बंद करतात. डोळ्याला दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं. खोक्यावर ‘फ्लिकर फ्री’ लिहिलेलं बघाच, शिवाय दुकानात ब्राइटनेस वीसवर आणायला सांगा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडदा बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरं मॉडेल मागा. घरी आल्यावर ब्राइटनेस शंभरावर ठेवू नका. पांढरा कागद पडद्याशेजारी धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत कमी करा. तुमच्या आताच्या मॉनिटरवरही हे आजच करून बघा. टेबलही बघा. खिडकी पाठीमागे असेल तर तिचं प्रतिबिंब पडद्यात, समोर असेल तर उजेड थेट डोळ्यांत. ती डाव्या किंवा उजव्या हाताला यायला हवी.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. पडद्याची पॅनेलं बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी डिस्प्ले अशा मोजक्याच कंपन्या बनवतात आणि वेगवेगळ्या नावांच्या मॉनिटरांत तीच असतात. एकाच नावाखाली चांगलं मॉडेलही असतं आणि सुमारही. म्हणून खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि घरी त्याची माहिती वाचा. नावापेक्षा तीन वर्षांची वॉरंटी आणि नाशिकमध्येच दुरुस्तीची सोय यांना जास्त किंमत द्या. बिघडलेला मॉनिटर पुण्या-मुंबईला पाठवायचा आणि ऐन भाद्रपदात दोन आठवडे थांबायचं, हे तुमच्या धंद्यात चालणार नाही.

एम. जी. रोडला किंवा कॅनडा कॉर्नरच्या बाजूला बघायला जाल तेव्हा पेन ड्राइव्हवर स्वतःचं एक पान न्या. १० पॉइंटचा मजकूर, त्यात ‘अर्धांगिनी’, ‘निर्बंध’, ‘वर्षे’, ‘दृष्टी’, ‘भम’, ‘धघ’ अशी अक्षरं मुद्दाम टाका. दुकानात चालू असलेल्या रंगीबेरंगी व्हिडिओवरून काहीच कळत नाही, तो प्रत्येक पडद्यावर देखणा दिसतो. रिझोल्यूशन पूर्ण ठेवायला लावा, तुमचं पान उघडा, खुर्ची मागा आणि बसून दहा मिनिटं वाचा. दुकानदार ‘मॅडम, सगळे सारखेच’ म्हणेल, म्हणू द्या. घेतलेला नग तिथेच जोडून काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे बघा. मेलेला पिक्सेल लगेच दिसतो. एक-दोन पिक्सेल गेले तर बऱ्याच कंपन्या नग बदलून देत नाहीत, म्हणून किती दिवसांत बदलून देणार ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. पक्कं जीएसटी बिल घ्या. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. तक्रार ऐकून घेतली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मुहूर्ताबद्दल माझं मत वेगळं आहे. दसऱ्याला घेतलेली वस्तू लाभते, ही भावना मला कळते. पण दिवाळी अंकांचं काम दसऱ्यापर्यंत बहुतेक संपलेलं असतं. ज्या महिन्यांत तुमचे डोळे सगळ्यात जास्त राबणार, ते जुन्या पडद्यापुढे काढायचे आणि काम संपल्यावर नवा आणायचा, हा क्रम उलटा आहे. सवलतीत वाचतील त्यापेक्षा जास्त त्रास तोवर सोसून होईल. दसऱ्याला त्याची पूजा जरूर करा, पण घ्या आताच, पहिल्या अंकाचा मजकूर हाती पडायच्या आत.

मुलाला बरोबर न्या. पोर्ट, केबल, मॉडेल यांत तो तुमच्यापेक्षा पटकन बघेल. त्याला हेही सांगा की कॉम्प्युटरला चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर नव्या गेममध्ये १६५ हर्ट्झचा उपयोग होणार नाही, आणि हल्लीच्या साध्या आयपीएस मॉनिटरांतही ७५ किंवा १०० हर्ट्झ असतं, तेवढ्यात त्याचं भागेल. जुना साडेअठरा इंची भंगारात देऊ नका. कॉम्प्युटरला दोन पोर्ट असतील तर तो डाव्या हाताला जोडा. लेखकाची मूळ प्रत त्यावर उघडी ठेवायची आणि समोरच्या नव्या पडद्यावर प्रूफ वाचायचं.